सपाट पट्ट्याचा सांधा वारंवार झिजतो : टोकांचे संरक्षण कसे करावे?

प्रश्न : लेथकाम

माझा लेथ सपाट पट्ट्यावर चालतो. मोटरवरील पुली १०० मिलिमीटर व्यासाची आहे आणि मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. तेथून काउंटरशाफ्टवरील (मोटर आणि लेथ यांच्यामधल्या फिरत्या दांड्यावरील) मोठ्या पुलीपर्यंत ७५ मिलिमीटर रुंदीचा, रबर आणि सुती कापडाच्या थरांचा पट्टा जातो. त्याची एकूण लांबी सुमारे ३ मीटर आहे. दोन्ही टोके बोल्टच्या लोखंडी प्लेटांनी जोडलेली आहेत आणि प्रत्येक प्लेट पट्ट्याच्या दिशेने साधारण २५ मिलिमीटर लांब आहे.

उरलेला पट्टा उत्तम स्थितीत असूनही सांधा मात्र तीन-चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही. प्लेटच्या लगत मागच्या बाजूला कापडाचे थर सुटतात, सुताचे धागे लोंबू लागतात आणि मग एका काठाकडून फाटत जाऊन पट्टा तुटतो. पट्टा घसरत असल्यामुळे असे होत असेल असे समजून मी ताण वाढवला, पण त्यानंतरचा सांधा आधीपेक्षा लवकर गेला. मग पुलीकडच्या बाजूने सांध्यावर पातळ चामड्याचे आच्छादन चिकटवले. ते दोन दिवसांत उखडले आणि तेवढ्या काळात यंत्राला धक्के बसत होते ते वेगळेच. दर वेळी टोके कापून नव्याने जोडल्यामुळे पट्टा आखूड होत चालला आहे आणि मोटर सरकवायला आता फारशी जागा उरलेली नाही. आच्छादनाची कल्पनाच चुकीची आहे की माझी पद्धत चुकली? आणि सांध्याचा प्रकार बदलायचा असेल तर कोणता घ्यावा?

उत्तर : जुनाफिटर

आपण तुटण्याची जागा नेमकी सांगितली आहे आणि तिच्यातच बहुतेक उत्तर आहे. प्लेट तुटलेली नाही, बोल्ट निसटलेले नाहीत, पट्टा प्लेटच्या कडेला लागून तुटतो आहे. याचा अर्थ सांधा ओढीने जात नसून वाकण्याने जातो आहे.

थोडा हिशोब करून पाहा. १०० मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर १४४० फेऱ्यांना पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे ७.५ मीटर येतो. ३ मीटरच्या पट्ट्यातील सांधा सेकंदाला अडीच वेळा पूर्ण चक्कर मारतो आणि प्रत्येक चकरेत दोन पुलींवर वाकतो, म्हणजे सेकंदाला पाच वेळा आणि तासाला सुमारे १८ हजार वेळा. आता २५ मिलिमीटरची ताठ प्लेट ५० मिलिमीटर त्रिज्येच्या गोलावर ठेवली तर ती मध्यभागी टेकते आणि तिची दोन्ही टोके पुलीपासून दीड मिलिमीटरहून किंचित जास्त वर राहतात. प्लेट वाकत नाही, म्हणून तिने चुकवलेले सगळे वाकणे तिच्या कडेला लागून असलेल्या काही मिलिमीटर पट्ट्याला सोसावे लागते. पट्टा तिथे गोलाईने वळत नाही, मोडतो. एकाच रेषेवर दिवसाला लाखभर वेळा मोडणारे कापड तीन आठवडे टिकले हेच पुष्कळ झाले. मोठ्या पुलीवर हाच प्रकार सौम्य होतो, कारण उदाहरणार्थ २५० मिलिमीटर व्यासावर ही उचल ०.६ मिलिमीटरच्या आसपास येते.

म्हणून आच्छादनाबद्दलचे माझे मत स्पष्ट आहे : सांध्यावर काहीही चढवू नये. चामड्याच्या तुकड्याने सांधा आणखी जाड आणि आणखी ताठ झाला, शिवाय पुलीवर येताना उंचवटा तयार झाला. संरक्षण करायचे ते सांधा झाकून नव्हे, तर तो पट्ट्याच्या पृष्ठभागाच्या पातळीत किंवा त्याहून किंचित खाली बसवून. पुलीला धातूचा स्पर्शच झाला नाही तर तो घासणार नाही आणि पुलीचा चेहराही, म्हणजे पट्टा टेकतो तो पृष्ठभागही, खराब करणार नाही.

आपल्या पुलीसाठी बोल्टच्या प्लेटा सोडून द्याव्यात. बिजागरीसारख्या क्लिपा, ज्यांच्या दोन्ही बाजूंचे दात पट्ट्यात शिरतात आणि मधून एक पिन ओवली जाते, किंवा तारेच्या आकड्यांचे लेसिंग, हे दोन्ही प्रकार पिनेवर वळतात. ताठ भागाची लांबी निम्मी झाली की उचल एक चतुर्थांश होते. त्याच २५ मिलिमीटरचे दोन भाग केले तर प्रत्येकी ०.४ मिलिमीटरच्या आसपास. क्लिपेचा आकार पट्ट्याच्या जाडीशी जुळवायचा असतोच, पण प्रत्येक आकारासाठी किमान किती व्यासाची पुली चालते हेही बनवणारे सांगतात. ही दुसरी अट लोक वाचत नाहीत आणि सांधे तिथेच मरतात.

टोके कापण्याच्या कामात घाई करू नका. गुण्या (काटकोन पाहण्याचे साधन) पट्ट्याच्या काठाला लावून रेघ मारण्याची सवय सर्वांना असते, पण वापरलेल्या पट्ट्याचा काठ क्वचितच सरळ असतो. हातभर लांबीत चार-पाच ठिकाणी रुंदीचा मध्य काढून मध्यरेषा आखावी आणि काटकोन त्या रेषेवरून घ्यावा. आपला पट्टा एका काठाकडून फाटत जातो, यावरून टोके तिरकी कापली गेली असावीत अशी मला दाट शंका आहे. ७५ मिलिमीटरच्या रुंदीत २ मिलिमीटरचा तिरकेपणा असला तरी आखूड काठाकडच्या दोन क्लिपा जवळजवळ सगळा भार घेतात आणि दुसऱ्या काठाकडच्या नुसत्या बसून राहतात.

कापल्यानंतर उघड्या पडलेल्या सुती थरांना रबर सोल्यूशनचा पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा आणि पुन्हा एक हात द्यावा. उघडे सूत वातीसारखे तेल आणि ओल शोषून घेते आणि थर आतून सुटू लागतात. लेथजवळ कापण्याचे तेल उडत असतेच, त्यामुळे हे पाच मिनिटांचे काम टाळू नका. क्लिपांची रांग पट्ट्याच्या दोन्ही काठांपासून थोडी आत ठेवावी. सांध्याच्या मागून येणाऱ्या टोकाचे दोन्ही कोपरे किंचित तिरके छाटावेत, कारण पट्टा डोलला की पुढे तोंड करून असलेला तोच कोपरा गार्डला (संरक्षक आवरणाला) किंवा पट्टा सरकवण्याच्या काट्याला अडकतो.

ताण वाढवल्यावर सांधा लवकर गेला, यात नवल नाही. यांत्रिक सांध्याची ताकद अखंड पट्ट्यापेक्षा कमीच असते. पट्टा घसरत असेल तर आधी पुलीचा चेहरा पुसून पाहा. पकड वाढवण्यासाठी पट्ट्यावर लावतात ते राळ घातलेले चिकट ड्रेसिंग लावू नका. त्यावर धूळ बसून गुठळ्या होतात आणि त्याच सांध्याखाली दळल्या जातात.

उत्तर : चर्मपट्टा

जुनाफिटर यांचे विवेचन मला मान्य आहे, पण कातड्याच्या वादीने शिवलेला सांधा इतक्या सहज यादीतून वगळला जाऊ नये. वादीचा सांधा मऊ असतो, पुलीवर त्याचा आवाज फारसा येत नाही आणि हात लागला तरी जखम होत नाही. माझ्या चामडी पट्ट्यांवर मी तोच वापरतो.

तो झिजतो तेव्हा कारण बहुधा शिवणीत असते. पुलीकडच्या बाजूला वादीचे सगळे टाके पट्ट्याच्या धावण्याच्या दिशेला समांतर हवेत आणि तिथे वादीने वादीला ओलांडता कामा नये. ओलांडायचे ते फक्त बाहेरच्या बाजूला. ओलांडलेल्या जागी जाडी दुप्पट होते, पुली तेवढ्याच उंचवट्यावर घासते आणि वरची वादी काही दिवसांत कापली जाते. छिद्रे दोन ओळींत, एकाआड एक मागेपुढे पाडावीत, म्हणजे रुंदीच्या एकाच रेषेवर चामडे कमकुवत होत नाही. छिद्र लांबट असेल तर त्याची लांबी पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने ठेवावी, म्हणजे रुंदीतले कमीत कमी चामडे कापले जाते. पुलीला लागणारी बाजू केसांकडची, म्हणजे गुळगुळीत असावी. तिची पकड चांगली असते आणि चामड्याची खरी ताकद असलेली मांसाकडची बाजू झिजण्यापासून वाचते.

आपला पट्टा कापडी थरांचा आहे. त्यावर वादी वापरायचीच असेल तर पंचाने भोक पाडू नका, कारण पंच उभे धागे तोडतो. टोकदार आरीने धागे बाजूला सारून वाट केली तर बहुतेक धागे शाबूत राहतात. तरीही तासाला १८ हजार वाकणी सोसणाऱ्या आपल्या पट्ट्यावर मी क्लिपांचीच बाजू घेईन. वादीला मोठ्या पुली आणि संथ चाल मानवते.

उत्तर : अखंडजोड

मी एक पायरी पुढे जाईन. ज्या सांध्यात धातू नाही, छिद्र नाही आणि जाडीत फरक नाही, त्याला वेगळे संरक्षण द्यावे लागत नाही. दोन्ही टोके लांब उतार देऊन घासायची, एकमेकांवर बसवून चिकटवायची आणि दाबाखाली ठेवायची. चामड्यासाठी ही पद्धत जुनीच आहे. नायलॉनचा गाभा असलेल्या आधुनिक सपाट पट्ट्यांत हेच काम उष्णता आणि दाब देणाऱ्या लहान प्रेसमध्ये होते, तर काही पट्ट्यांची टोके बोटांसारखी दातेरी कापून एकमेकांत गुंतवतात आणि वितळवून एकजीव करतात. हे पट्टे पातळ असल्यामुळे लहान पुलीवर सहज वळतात.

उताराच्या सांध्यात दिशेचा विचार करावा लागतो. एक पातळ टोक पुलीकडे असते, दुसरे बाहेर, आणि एक मागे वळलेले असले की दुसरे पुढे तोंड करते. पट्ट्याच्या पाठीवर ताण देणारा रोलर असेल तर बाहेरचे टोक मागे वळलेले हवे, अन्यथा रोलर त्याला प्रत्येक फेरीत उचलू पाहतो. पट्ट्यावर बाण छापलेला असेल तर तो निमूटपणे पाळावा. उतार घासताना टोकाची धार कागदासारखी पातळ झाली पाहिजे, कारण जाड राहिलेली कडा हीच सोलण्याची सुरुवात असते. चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग तेलापासून पूर्ण मुक्त हवेत.

आपला सध्याचा पट्टा आखूड झालेलाच आहे, तेव्हा पुढचा घेताना हा पर्याय विचारात घ्या. अशा पट्ट्याचा ताण अंदाजाने ठेवू नये. पट्टा सैल असताना त्यावर १ मीटर अंतराने दोन खुणा कराव्यात आणि बनवणाऱ्याने १.५ टक्के ताण सांगितला असेल तर खुणांमधील अंतर १०१५ मिलिमीटर होईपर्यंत मोटर सरकवावी.

प्रश्नकर्ता : लेथकाम

सर्वांचे मनापासून आभार. वीज बंद करून, पट्टा उतरवून तपासला. मध्यरेषा आखून गुण्या लावला तेव्हा एक टोक जवळपास ३ मिलिमीटर तिरके निघाले आणि फाटणारा काठ नेमका आखूड बाजूचाच होता. प्लेटांची पुलीकडची बाजू आरशासारखी चकाकत होती, म्हणजे धातू सरळ पुलीवर घासत होता.

टोके सरळ कापून, सोल्यूशनचे दोन हात देऊन, बिजागरीच्या क्लिपा बसवल्या आहेत. क्लिपा बसतात तिथले वरचे रबर सपाट तासून घेतल्याने त्या आता पृष्ठभागाच्या पातळीत आहेत. धक्का पूर्ण थांबला, मात्र बारीक टकटक अजून ऐकू येते. ती सामान्य समजावी का?

उत्तर : जुनाफिटर

धातूच्या क्लिपेचा थोडा आवाज येतोच, पण तो एकसारखा आणि हलका असला पाहिजे. आवाज दिवसागणिक वाढू लागला तर पहिला संशय पिनेवर घ्या. बिजागरीत धूळ आणि धातूचे कण शिरतात, पिन मधून बारीक होत जाते आणि सैल झालेल्या क्लिपा एकमेकींवर आदळू लागतात. पिन बदलणे सोपे आहे आणि ती वेळेत बदलली तर क्लिपा पुष्कळ टिकतात. पिन पट्ट्याच्या रुंदीपेक्षा किंचित आखूड असावी आणि तिची टोके बाहेर सरकणार नाहीत अशी अडवलेली असावीत.

पट्टा सरकवण्याचा काटा असेल तर त्याच्या आतल्या कडा बोटाने चाचपून पाहा, अर्थात यंत्र बंद असतानाच. तिथे खाच पडलेली असली तर ती कानशीने घासून गुळगुळीत करा. धातूच्या क्लिपा बसवलेला पट्टा चालू असताना हाताने सरकवण्याची सवय असेल तर ती आजच सोडा आणि गार्ड जागेवर ठेवा.

पहिल्या दोन दिवसांत पट्टा थोडा ताणला जाईल. त्यानंतर एकदा मोटर सरकवून ताण जुळवा, आणि त्याच वेळी क्लिपांच्या मागची रेषा भिंगातून पाहा. धागे उठलेले दिसले नाहीत तर सांधा नीट बसला आहे.