सल्ला हवाय: भडक रंगात काम करायचंय, कुणाची चित्रं बघू?

रंगारी_सोलापूर: नमस्कार मंडळी, जुळे सोलापूरला राहतो, नोकरी सांभाळून वॉटरकलर करायलोय. मला हिरवा चेहरा, लाल आभाळ असलंच सुचतं आणि क्लासचे सर म्हणतात आधी दिसतं तसं काढ, मग चाळे कर. असलं काम केलेला कुणी मोठा चित्रकार सांगा की.

पळसपान: डोळे झाकून एमिल नोल्डे बघा. जर्मन एक्स्प्रेशनिस्ट, म्हणजे दिसतं तसं न काढता मनातली भावना रंगातनं मांडणारा, जन्म १८६७, मूळ आडनाव हान्सन, नोल्डे हे त्याच्या गावाचं नाव. आधी लाकडावरचं कोरीवकाम, मग स्वित्झर्लंडमध्ये ड्रॉइंग शिकवायची नोकरी, तिथं आल्प्सच्या डोंगरांना माणसांची तोंडं काढून पोस्टकार्डं छापली ती एवढी खपली की त्या पैशावर नोकरी सोडून पूर्णवेळ पेंटिंगला लागला, तेही तिशीत! म्युनिकच्या अकादमीनं घेतलं नाही ते वेगळंच. तुमच्या कामाचे त्याचे वॉटरकलर, ओल्या जपानी कागदावर रंग सोडायचा आणि पसरू द्यायचा, त्यातनं खसखशीची फुलं, समुद्र, चेहरे. तिथं रंग आधी आणि आकार नंतर.

तिखटमीठ: चित्रं बघाच, पण माणूस नाझी पक्षाचा मेंबर होता हेही लिहा की राव. गंमत म्हणजे त्याच नाझींनी १९३७ मध्ये त्याची हजारावर चित्रं म्युझियममधनं काढली आणि १९४१ ला व्यवसायबंदी घातली, म्हणजे चित्रकार म्हणून धंदा करायला मनाई, त्यामुळं युद्धानंतर तो बिचारा म्हणून मिरवला. २०१९ च्या बर्लिनमधल्या प्रदर्शनानं त्याचं नाझीपण उघडं पाडलं.

चंद्रभागा: एवढं लांब कशाला, आपल्या पंढरपुरात जन्मलेले हुसेन आहेत की, सिनेमाची होर्डिंगं रंगवत वर आले.

पळसपान: हुसेन बघावेतच, पण त्यांचा खेळ रेषेचा, एका फटकाऱ्यात घोडा पळतो. आपल्या रंगारींना रंगच सोडायचाय.

रंगारी_सोलापूर: बघितली, खुळा झालोय. पण माझा कागद अर्ध्यातच वाळतो, रंग पसरतच नाही.

पळसपान: सोलापूरचं ऊन, दुसरं काय! ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद घ्या, दोन्ही बाजूंनी चांगला भिजवून काचेवर पसरा, खालचं पाणी वरचा भाग ओला ठेवतं. पंखा बंद. घाम येऊ दे. आणि रंग आधीच दाट कालवून ठेवा, ओल्यात फिका रंग वाळल्यावर आणखी फिका पडतो. सरांचंही ऐका थोडं, चेहऱ्यावर सावली कुठं पडते हे कळल्याशिवाय तिथं हिरवा कुठं टाकायचा ते कसं ठरवणार?