कारच्या मागच्या डिस्क ब्रेकचा पिस्टन आत जाईना, काय करू?

पराटीवाला
गाव वणी तालुक्यात. गाडी सेकंडहँड सेडान, मागंही डिस्क. पावसाळाभर पांदणीत गुडघाभर चिखल, म्हणून गाडी टिनाच्या शेडात उभी आणि मी फटफटीवर. आता काढली तर मागचं डावं चाक एवढं तापतं की रिमला हात लावता येत नाही. पॅड पार पत्र्यापर्यंत गेलेत. नवे आणले, पण पिस्टन आत सरकेल तर शपथ. वेल्डिंगवाल्याचा सी-क्लँप लावून आवळला. क्लँप वाकला, पिस्टन जागचा हलला नाही. मेकॅनिक फोनवरच म्हणाला, पूर्ण कॅलिपर, म्हणजे पिस्टन आणि पॅड ज्यात बसतात तो भागच बदला. घरी जमेल का? कोणतं हत्यार घ्यावं?

धुऱ्यावरचा
माझ्या बाईकचा असाच अडकला होता. डिझेल सोडून रात्रभर ठेवला, सकाळी दाबला, गेला.

जुना पाना
डिझेल-रॉकेल कायले सोडता राजे हो! आतलं रबर फुगते त्यानं. आज पिस्टन जाईन, उद्या गळती सुरू.

पराटीवाले भाऊ, तो क्लँप आधी बाजूले ठेवा. बाईकचा पिस्टन सरळ दाबला का जाते. पण ज्या कारच्या मागच्या कॅलिपरातच हँडब्रेक राहते, तिचा बहुतेक फिरवत न्या लागते. आत आट्याचा रॉड असते, पॅड झिजते तसतसा पिस्टन त्याच्यावरून पुढं येते. वरून जोर लावान तर आतलं मोडीन. पिस्टनच्या तोंडावर खाचा आहेत का पाहा. असतीन तर हेच. आन हँडब्रेक बटनावर चालणारा असन तर हात लावू नका, त्याची मोटर आधी स्कॅनरनं मागं घ्या लागते.

फिरवाचं किट भेटते, वेगवेगळ्या चकत्या आन मधात आट्याची दांडी. चार जणांत मिळून घ्या, एका चाकासाठी कायले पैसे घालवता. ग्राइंडरचं चाक खोलाचा दोन खुंट्यांचा पाना खाचांत बसते का, तेही पाहा. माह्याकडं एका गाडीले बसला, दुसरीले नाही. दाबत दाबत फिरवा, नुसता फिरवान तर जागीच गरगरत राहीन. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यासारखा आत जाते, काहींत डावीकडचा उलटा. बाहेर येताना दिसला का दिशा बदला.

पराटीवाला
खाचा आहेत! चार. ग्राइंडरचा पाना बसला नाही, नोज पक्कडनं फिरवला. पाव फेरी गेला आणि पुन्हा गच्च. रबरी बूट शाबूत आहे, गंज दिसत नाही. मधल्या काळात वरच्या डबीतून ब्रेक ऑइल सांडलं, फेंडरवर ओघळ.

संत्राबाग
लगेच पाण्यानं धुवा, रंग उचलतं ते. डबी काठोकाठ असेल तर सिरिंजनं थोडं काढून घ्या.

आता कॅलिपरवरच्या ब्लीड निपलला (हवा काढायच्या तोटीला) नळी लावा, नळीचं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा आणि निपल अर्धी फेरी सैल करा. रिंग पानाच वापरा, फिक्स पान्यानं त्याचे कोपरे जातात. निपल उघडल्यावर पिस्टन सरसर आत गेला, तर दोष कॅलिपरचा नाही, बहुधा कॅलिपरला ब्रेक ऑइल आणणारी रबरी नळी आतून फुगून बसली आहे. तरीही गच्च असेल तर कॅलिपरच्या मागचा खटका बघा, ज्याला हँडब्रेकची वायर अडकवलेली असते तो. हँडब्रेक खाली असताना तो पूर्ण मागं येऊन टेकतो का?

आणि जॅकखाली फळी टाकली ना? काळ्या मातीत जॅक कसा धसतो ते सांगायला नको. गाडीखाली टेकूची घोडी लावल्याशिवाय हात घालू नका.

पराटीवाला
फळी आहे, घोडीही आहे.

निपल उघडूनही फरक नाही. पण खटका! हँडब्रेक पूर्ण खाली आणि खटका अर्ध्यातच लटकलेला. वायर काढल्याबरोबर टक करून मागं टेकला. मग पिस्टन पक्कडनं लोण्यासारखा फिरला. वायरचं आवरण एका जागी फाटलंय, आत गंज. शेडच्या टिनाला बरोबर तिथंच भोक आहे, आणि मी हँडब्रेक ओढून गाडी चार महिने ठेवली होती.

जुना पाना
हाव, ते कारण. येत्या पावसाळ्यात गिअरमध्ये ठेवा आन चाकाले दगड लावा. वायर नवीनच टाका, तेल सोडून वेळ नेऊ नका.

बसवताना पॅडच्या मागं बारकी टोचणी असन तर ती पिस्टनच्या खाचेत बसली पायजे, नाहीतर पॅड तिरपा झिजते. कॅलिपर ज्याच्यावर सरकते त्या स्लायडर पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा, बेअरिंगचं नाही. निपल उघडला होता, म्हणजे हवा काढून घ्या, डबीत नवं डॉट ४ ब्रेक ऑइल टाका. आन चाक फिरवाच्या आधी पायडल दाबत राहा, टणक होईस्तोवर. माह्या डोळ्यादेखत एक जण हे विसरला आन गाडी तुरीत गेली.

धुऱ्यावरचा
डिझेलचं माझं मागं घेतो. क्लँपचं काय झालं?

पराटीवाला
वेल्डिंगवाला नवा मागतोय. म्हटलं तूच सरळ कर, भट्टी तुझ्याकडंच आहे. अजून बोलत नाही माझ्याशी.