जुन्या फोनला वायरलेस चार्जिंग आणि एनएफसी

एकाने विचारलंय की जुन्या फोनला वायरलेस चार्जिंग आणि टॅप करून पैसे देणं (त्यासाठी लागतं ते एनएफसी, म्हणजे जवळ धरून चालणारं वायरलेस तंत्र), दोन्ही बाहेरून बसवता येईल का. चार्जिंग बहुतेक फोनला येईल. ठाण्यात गोखले रोडवरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत 'क्यूआय रिसीव्हर' मागा. कागदासारखी पातळ कॉइल असते, तिची पट्टी चार्जिंग पोर्टमध्ये खोचायची आणि कॉइल कव्हरखाली ठेवायची. मायक्रो यूएसबी असेल तर घेण्याआधी पोर्ट नीट बघा: रुंद बाजू पडद्याकडे आहे की पाठीकडे? पिन दोन्ही प्रकारांत मिळते आणि चुकीची जबरदस्तीने घातली तर पोर्टच जातं. धातूच्या पाठीवर कॉइल ठेवू नका, पाठच तापते. वेग साधारण 5 वॅटच्या आसपास, म्हणजे रात्रभरासाठी ठीक. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र हा नाद अजिबात नको, आधी ती बदला.

एनएफसीचं तसं नाही. त्याला 13.56 मेगाहर्ट्झचा ॲन्टेना, कंट्रोलर चिप आणि फोनच्या सॉफ्टवेअरची साथ लागते. बाजारातले एनएफसी स्टिकर हे फक्त टॅग, म्हणजे एनएफसी असलेल्या फोनने वाचायच्या चिपा; ते चिकटवून तुमच्या फोनला एनएफसी येत नाही. आणि असा टॅग किंवा बँकेचं कार्ड कव्हरमध्ये ठेवून चार्जिंग पॅडवर फोन ठेवू नका, आतली चिप जळू शकते.

गॅलेक्सी एस3 सारख्या फोनमध्ये एनएफसीचा ॲन्टेना बॅटरीतच होता. स्वस्तातली बॅटरी टाकल्यावर एनएफसी बंद पडलं असेल, तर ॲन्टेनावाली बॅटरी शोधा. बाकीच्यांनी क्यूआर स्कॅन करून यूपीआय वापरावं, त्याला एनएफसी लागतच नाही.