शब्दचर्चा: ‘युवर लव्हिंग आजी’ की ‘युवर्स लव्हिंग आजी’?

नमस्कार मंडळी. आमच्या सासूबाई मंगळवार पेठेत असतात, वय ८१. नातू मँचेस्टरला वाढलेला. मराठी छान बोलतो, पण देवनागरी वाचता येत नाही. त्यामुळं दर दिवाळीला फराळ आणि कांदा-लसूण चटणीच्या पार्सलमध्ये जी चिठ्ठी जाते, ती त्या मराठीत सांगतात आणि मी इंग्रजीत लिहिते. यंदा शेवटी मी ‘युवर’स लव्हिंग आजी’ असं लिहिलं. खोक्याला चिकटपट्टी लावायच्या आधी लेकीनं बघितलं आणि म्हणाली, ‘आई, यात दोन चुका आहेत.’ अपॉस्ट्रॉफी नको, हे तिनं सांगितलं. दुसरी चूक तिला कळत होती, पण नीट समजावता येईना. आणि सासूबाईंनी शेवटी ‘लोभ असावा’ घालायला सांगितलंय. ते इंग्रजीत कसं आणायचं? खोकं अजून उघडंच आहे.

प्रतिसाद
वहिनी, लेकीचं बरोबर आहे. अपॉस्ट्रॉफी आणि एस म्हणजे चा-ची-चे, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की ‘युवर्स’मध्येही ती खूण आपोआप पडते. पण युवर्स हा हिज, हर्स, अवर्स, देअर्स यांच्या पंगतीतला शब्द. ‘तुझं’ हा अर्थ त्याच्यात आधीच आहे, खूण कशाला? अठराव्या शतकातल्या छापील इंग्रजीत युवर’स सापडतं, पण आज ती चूकच धरतात.

दुसरी चूक मात्र थेट मराठीतून येते. ‘तुझी आजी’ म्हणा किंवा ‘ही चटणी तुझी’ म्हणा, आपला शब्द एकच. इंग्रजीत त्याचे दोन होतात. मागोमाग नाम येत असेल तर युवर: युवर आजी, युवर लव्हिंग आजी. नाम नसेल, शब्द एकटा उभा असेल तर युवर्स: धिस चटणी इज युवर्स. ‘युवर्स लव्हिंग आजी’मध्ये या दोन्हींची सरमिसळ झालीय.

मग ‘युवर्स लव्हिंगली’ बरोबर कसं? जुन्या पत्रांचा शेवट ‘आय रिमेन, युवर्स फेथफुली’ अशा धर्तीवर व्हायचा. म्हणजे ‘मी तुमचाच आहे, निष्ठेनं’. पुढचा भाग झडला आणि शेपूट तेवढं राहिलं. युवर्स म्हणजे ‘मी तुझी’, आणि लव्हिंगली म्हणजे ‘प्रेमानं’. क्रियाविशेषण असल्यामुळं तिथं ‘ली’ लागतं. त्यानंतर स्वल्पविराम, आणि खालच्या ओळीत आजी. मला विचाराल तर ते शुद्ध असलं तरी परीक्षेच्या पेपरातल्या पत्रासारखं वाटतं. आजीच्या चिठ्ठीला ‘युवर लव्हिंग आजी’च शोभतं.

प्रतिसाद
सरांच्या म्हणण्यात एक भर. तिकडं आता घरच्या पत्रात, मेसेजमध्ये नुसतं ‘लव्ह’ किंवा ‘लॉट्स ऑफ लव्ह’ लिहितात. पण ‘लव्ह’नंतर स्वल्पविराम द्या, ताई. तो विसरून एकाच ओळीत ‘लव्ह आजी’ लिहिलं की ती आज्ञा होते: आजीवर प्रेम कर! आणि लॉट्समध्येसुद्धा अपॉस्ट्रॉफी नको, ते साधं अनेकवचन आहे.

मूळ धागालेखिका
मनापासून आभार, डोक्यातला गुंता सुटला. आता सासूबाई म्हणतात, आजोबांचंही नाव घाल. मग ‘लव्ह फ्रॉम आजोबा अँड आय’ की ‘अँड मी’? शाळेत बाईंनी ‘अँड आय’ म्हणा असं घोकून घेतलं होतं.

प्रतिसाद
‘अँड मी’. आजोबांना क्षणभर बाजूला ठेवा: ‘लव्ह फ्रॉम आय’ कुणी म्हणेल का? फ्रॉमपुढं मीच येतं. बाईंनी शिकवलं ते कर्त्याच्या जागी बरोबर आहे, जसं ‘आजोबा अँड आय आर फाइन’. इथं घोटाळा व्हायला आणखी एक कारण आहे. आपलं ‘मी’ म्हणजे त्यांचं ‘आय’, आणि त्यांचं ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला, माझ्याकडून’. उच्चार तोच, विभक्ती वेगळी. मनात मराठीत म्हणून बघा: ‘आजोबांकडून आणि माझ्याकडून’. ‘कडून’ आलं की इंग्रजीत मी.

आता ‘लोभ असावा’. मराठीत लोभ म्हणजे हाव आणि लोभ म्हणजे मायाही; ‘लोभस’ हा शब्द त्या दुसऱ्या अर्थातूनच आला. डिक्शनरीतला पहिला शब्द उचललात तर नातवाकडं हाव पोचेल. पण खरी अडचण निराळी आहे. ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ यात आपण प्रेम मागतो. ‘लव्ह, आजी’मध्ये आपण प्रेम देतो. दिशाच उलटी. म्हणून ते सहीच्या ओळीत बसवायचा हट्ट नको. त्याच्या वरती मजकुराचं शेवटचं वाक्य करा: ‘कीप अस इन युवर थॉट्स’. खाली ‘विथ लव्ह अँड ब्लेसिंग्ज’. आशीर्वाद अनेक असतात, तेव्हा ब्लेसिंग्ज अनेकवचनीच ठेवा.

एक मनात आलं. ‘लोभ असावा’ हे सहसा बरोबरीच्यांना किंवा मोठ्यांना लिहितात. लहानांना अनेक उत्तम आशीर्वाद. आजी नातवाला लोभ मागतायत, हे वाचून मला भरून आलं. ते वाक्य गाळू नका.

मूळ धागालेखिका
नाही गाळलं. नवीन कागदावर लिहिलं: कीप अस इन युवर थॉट्स. त्याखाली विथ लव्ह अँड ब्लेसिंग्ज फ्रॉम आजोबा अँड मी, पुढं स्वल्पविराम, आणि खालची ओळ सासूबाईंसाठी मोकळी सोडली. त्यांनी चष्मा लावून स्वतःच्या हातानं देवनागरीत ‘आजी’ लिहिलं. ही दोन अक्षरं तेवढी त्याला ओळखता येतात.