आरपीजीत (रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममध्ये) लढणाऱ्या पात्रांची टीम कायमची एकच बरी की बदलती?

वसईचा_गेमर: मंडळी, चर्चगेटपर्यंतच्या लोकलमध्ये सध्या फायनल फँटसी ४ हा गेम चालू आहे. त्यात टीममध्ये कोण येणार कोण जाणार ते कथाच ठरवते, रायडिया नावाच्या पोरीची जरा लेव्हल वाढवून तिला तयार करावं तर लेव्हायथन हा समुद्री राक्षस येतो आणि पोरगी गायब! तुम्हाला असं आवडतं का, की शेवटपर्यंत तीच टीम हवी?

दादरकर८८: मला आवडतं बुवा. माणूस गेला की पुढची फाइट खरंच जड जाते, जाणवतं ना कोण गेलं ते. १९८७ च्या पहिल्या भागात सुरुवातीला चार जण निवडायचे ते शेवटपर्यंत तेच, तिथे डोकं आधी लावावं लागतं, पण त्या चौघांना स्वतःची गोष्टच नाही.

मुलुंडची_मेज: फायनल फँटसी ६ घे. १४ जण आहेत, लढाईत चारच, म्हणून सगळे आपल्या लाडक्या चौघांनाच खेळवतात आणि मग शेवटच्या किल्ल्यात तीन वेगळ्या टीम लागतात तेव्हा बाकीचे कच्चे निघतात. माझ्या मते सगळ्यात छान उपाय १० व्या भागात आहे, चालू लढाईत माणूस बदलता येतो. फक्त ज्याने एक तरी चाल खेळली त्यालाच एपी (ताकद वाढवायचे पॉइंट) मिळतात, त्यामुळे प्रत्येकाला एकदा आत आणायचं, निदान डिफेंड तरी करायचं.

वसईचा_गेमर: ताई, मग १० वाच घेतो पुढे. आणि रायडिया परत येते का तेवढं कोणी सांगू नका प्लीज!