पोपची लंडनवारी: थट्टा नेमकी कुणाची?
(सप्टेंबर २०१० मधली चर्चा; बोलणाऱ्यांची टोपणनावं वर दिली आहेत.)

थेम्सकाठी
शनिवारी, १८ सप्टेंबर २०१० ला, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या विरोधात लंडनमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला. हाइड पार्क कॉर्नर ते डाउनिंग स्ट्रीट. निरोधाचे फुगे, उंच टोप्या घातलेले खोटे पोप, खोट्या नन. ऑफिसातल्या काहींना हे ओंगळ वाटलं. मला नाही वाटलं. १९८२ मध्ये आधीचे पोप जॉन पॉल दुसरे आले ते धर्मगुरू म्हणून. हे आले व्हॅटिकनचे राष्ट्रप्रमुख म्हणून, राणीच्या निमंत्रणावरून. सरकारी खर्च १ कोटी पौंडांच्या वर, पोलीस बंदोबस्त वेगळा, तोही कपातीच्या दिवसांत. राष्ट्रप्रमुखाचा मान हवा, तर राष्ट्रप्रमुखाच्या वाट्याची टवाळीही घ्या की! आणि पाद्र्यांनी पोरांवर केलेले लैंगिक अत्याचार दडपणाऱ्या संस्थेसमोर गांभीर्य आम्हीच का राखायचं?

वसईकर
मी कॅथलिक. गुन्हे झाकणारे बिशप तुरुंगात जावेत, हे मी आमच्या धर्मग्रामातही (पॅरिशमध्येही) बोलतो आणि बोलणी खातो. पण फुग्यांनी कुठल्या पीडिताचं भलं झालं? त्याच शनिवारी सकाळच्या मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) पोपनी या प्रकारांची लाज वाटते असं जाहीर सांगितलं, नंतर पाच पीडितांना भेटले. पुरेसं नाही, कबूल. पण संध्याकाळी हाइड पार्कात प्रार्थनेला जमलेली ऐंशीएक हजार माणसं काय गुन्हेगारांची पाठराखण करायला आली होती? तुमचा खोटा पोप त्यांनाच हसत होता.

सरळसोट
वसईकर, फुगा हाच तिथे मुद्दा आहे हो. गेल्या वर्षी आफ्रिकेला जाताना विमानात हेच पोप म्हणाले की निरोध वाटून एड्स सुटणार नाही, उलट वाढेल. तिथे माणसं मरतायत. आणि परवा एडिनबरोत उतरल्याबरोबर नाझींचा विषय काढून पुढच्याच दमात ‘निरीश्वरवादी अतिरेका’चा धडा दिला. त्यांनी आम्हा निरीश्वरवाद्यांना हिटलरच्या पंगतीला बसवायचं, आम्ही फुगाही फुगवायचा नाही?

पारावरचा
ही मजा १९९९ ला कुठे होती? जॉन पॉल दिल्लीत आले, ऐन दिवाळीच्या दिवशी नेहरू स्टेडियमवर मिस्सा झाला. गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल (पोर्तुगीज काळात धर्मद्रोहाचे खटले चालवून छळ करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाबद्दल) माफी मागा म्हणून विश्व हिंदू परिषदेनं रान उठवलं, तेव्हा समस्त पुरोगामी ‘पाहुण्याचा अपमान’ म्हणून गळे काढत होते. आता लंडनमध्ये तेच केलं की लोकशाही! एखाद्या बुवा-बापूचं असं सोंग पुण्यात काढून दाखवा. जादूटोणाविरोधी कायदा किती वर्षं लोंबकळला ते आधी बघा.

थेम्सकाठी
पारावरचा, इन्क्विझिशनबद्दल माफीची मागणी रास्तच होती. पण त्याच वर्षी जानेवारीत ओरिसात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जिवंत जाळलं होतं. धाकात असलेल्या अल्पसंख्याकांच्या पाहुण्याविरुद्ध रान उठवणं आणि सरकारनं पायघड्या घातलेल्या पाहुण्याची खिल्ली उडवणं, यात फरक आहे. बापूंचं मात्र मान्य. तिथे आपली बोबडी वळते.

सरळसोट
विनोदाचंच चाललंय तर हे बघा. एप्रिलमध्ये ब्रिटिश परराष्ट्र खात्यातला एक कागद फुटला. पोपच्या नावाचे निरोध काढा, त्यांच्या हस्ते गर्भपाताच्या दवाखान्याचं उद्घाटन करा, अशा सूचना! खात्यानं माफी मागितली, जबाबदार अधिकाऱ्याची दुसऱ्या कामावर बदली, विषय संपला. आणि परवा शुक्रवारी लंडनचे सहा सफाई कामगार दहशतवादविरोधी कायद्याखाली उचलले. पेपरवाले म्हणतात, कँटीनमधली थट्टा कुणीतरी ऐकली होती. घरांच्या झडत्या घेतल्या, काही सापडलं नाही, आरोप न ठेवता सोडून दिले. साहेबाचा विनोद तो विनोद, झाडूवाल्याचा विनोद म्हणजे कट. इतकं बोचरं सोंग त्या मोर्चात एकही नव्हतं.

वसईकर
हे पटलं. त्या सहा जणांची माफी कुणीतरी मागायला हवी. फुग्यांचं तरीही पटलेलं नाही. ‘चर्चच्या फायली पोलिसांना द्या’ एवढी एकच मागणी घेऊन मोर्चा निघाला असता, तर माझ्यासारखे कॅथलिकही सोबत आले असते.

थेम्सकाठी
मोर्चातले कार्यकर्ते पीटर टॅचेल आणि मंडळी तीही मागणी करतायत. टीव्हीवाले फुगेच दाखवतात.

पारावरचा
मग फुगे आणायचेच कशाला?