टँकच्या पाण्यात हात घातला की झिणझिण्या येताहेत, काय करू?

भुसावळचा_गप्पीवाला:
नमस्कार मंडळी, माझा माशांचा अडीच फुटी टँक आहे, थंडी पडली म्हणून मागच्या आठवड्यात 100 वॅटचा हीटर परत लावला. काल पाणी बदलताना बोटावर जिथं कापलेलं होतं तिथं झिणझिण्या आल्या, टेस्टर बुडवला तर लाईट लागला. मासे मात्र मजेत फिरताहेत. घर जुनं आहे, भाड्याचं, बोर्डला अर्थिंग आहे की नाही तेच माहीत नाही आणि खाणं टाकायला 6 वर्षांची पोरगी रोज वाकते, त्याचीच जास्त भीती वाटतेय.

जळगावकर_एंजल:
भाऊ, आधी सगळे प्लग उपटून काढ, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरात कधी कधी बटण न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत जायच्या तारेवर असतं, मग बंद केलं तरी फेज, म्हणजे करंट आणणारी तार, आत जोडलेलीच राहते. मासे ठीक आहेत म्हणून पाणी ठीक आहे असं समजू नको, करंटला जायला वाट लागते, ती वाट तू देतोस, ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून. टेस्टर जवळच्या वायरींमुळे पाण्यात आलेल्या थोड्या प्रेरित व्होल्टेजनेही लागतो हे खरं, पण तुला झिणझिण्या आल्यात ना, मग वाद संपला. माझा संशय हीटरवर. पाणी काढताना तो चालू राहिला, पातळीच्या वर उघडा पडला की तापतो आणि गार पाणी पडलं की काच तडकते. पाणी काढायच्या आधी प्लग काढून 15-20 मिनिटं थांबायचंच.

धुळे_वायरमन:
दादा, एमसीबीच्या, म्हणजे जास्त करंट ओढला की आपोआप पडणाऱ्या बोर्डातल्या बटणाच्या भरवशावर राहू नका. ते वायर वाचवायला असतं, 16 अँपिअरचं एमसीबी पडायच्या कितीतरी आधी माणूस जातो, 100 मिलिअँपिअरच हृदयाला पुरे होतात. घरमालकाला सांगून 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारं बटण बसवा, 100 वालं आगीसाठी असतं, ते घेऊ नका. अर्थिंग नसलं तरी ते पडतं, पण मग झटका बसल्यावरच पडतं, म्हणून अर्थिंगही पाहिजेच. आपल्याकडे मे महिन्यात काळी माती भेगा पडेस्तोवर सुकते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की काही कामाचा नाही, त्यात पाणी घालत जा. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

नंदुरबारची_ताई:
वायर बोर्डाकडे सरळ नेऊ नका, प्लगच्या खाली झोळ पडू द्या म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथंच टपकेल. एक्स्टेन्शन बोर्ड टँकच्या खाली जमिनीवर नको. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा नाहीतर नळीत नॉन रिटर्न वॉल्व्ह टाका, लाईट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. आमच्याकडे असंच झालं होतं. आणि पोरीला सांगून ठेवा बाई, हात पाण्यात घालायचा नाही, खाणं वरून टाकायचं.

भुसावळचा_गप्पीवाला:
खूप आभार सगळ्यांचे. हीटर काढला, वरच्या टोपीजवळ केसासारखी बारीक चीर दिसली, आत पाण्याचे थेंबपण आहेत. फेकून दिला. वायरमन उद्या येतोय, घरमालक तयार झाला. तोवर टँकला तीन बाजूंनी थर्मोकोल लावलाय, पाणी 23 डिग्रीवर आहे.